काच पुसली तरी पांढुरकी, टीव्हीवर पट्टे: क्लीनरची बाटली बदलण्याआधी काय काय तपासायचं

मी इंदूरमध्ये टीव्ही आणि मॉनिटरची घरी जाऊन दुरुस्ती करतो. राजेंद्र नगर असो, लोकमान्य नगर असो की सुदामा नगर, एक तक्रार सगळीकडे ऐकायला मिळते, "दादा, कितीही पुसलं तरी डाग परत येतो, एखादं चांगलं क्लीनर सांगा ना." बहुतेक घरी क्लीनर आधीच दोन-तीन प्रकारचे असतात आणि त्यांचा काही दोष नसतो, घोळ असतो पाण्याचा किंवा फडक्याचा, नाहीतर काचेसाठीची बाटली स्क्रीनवर मारलेली असते. म्हणून आधी लक्षणं लिहितो, तुमच्याकडे यातलं काय होतंय ते ठरवा आणि मग पुढे वाचा.

लक्षणं

– काच ओली असताना एकदम स्वच्छ दिसते, वाळली की पांढुरकी पडते. हे पाण्यातले क्षार.
– उन्हात तिरपं बघितलं की फडकं जसं फिरवलं तसे पट्टे दिसतात. साबण किंवा क्लीनर जास्त झालंय, नाहीतर फडकंच खराब आहे.
– पुसलं की डाग निघत नाही, पसरतो, बोटाला चिकट लागतं. तेलाचा थर, स्वयंपाकघर किंवा देवघर जवळ असेल तर नक्कीच.
– नखाला खरखरीत लागणारे पांढरे ठिपके, बाथरूमच्या काचेवर किंवा कूलरच्या बाजूच्या खिडकीवर. साठून घट्ट झालेले क्षार.
– मोबाइलवर आधी ठसे सहज पुसले जायचे, आता फासल्यासारखे राहतात. वरचं कोटिंग झिजलंय.
– टीव्ही बंद असताना स्क्रीन साफ, चालू केला की ढगासारखा डाग किंवा रेघा. हे पुसून जाणारं नाही, खाली शेवटी बघा.

पहिली तपासणी, फुकटातली: डाग नक्की कुठे आहे

खिडकीची काच आतून आडवी पुसा आणि बाहेरून उभी. मग पट्टे आडवे राहिले तर आतल्या बाजूचे, उभे राहिले तर बाहेरचे, नाहीतर माणूस चुकीची बाजू घासत बसतो आणि वैतागतो. टीव्ही किंवा लॅपटॉप असेल तर तो बंद करा, खोलीत अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनला जवळजवळ चिकटवून बाजूने मारा. वरचा थर असेल तर त्या तिरप्या उजेडात धूळ, ठसे, वाळलेले ओघळ सगळं उठून दिसतं. टॉर्चमध्ये काहीच दिसत नसेल आणि चालू स्क्रीनवर डाग दिसत असेल तर तो पॅनलच्या आत आहे, तिथे क्लीनरचं काम नाही.

ही तपासणी पहिली यासाठी की आतला डाग बाहेरून जोर लावून पुसायला गेलं की पॅनल दाबलं जातं, आणि एलसीडी पॅनल दाबलेलं सहन करत नाही.

दुसरी, जवळजवळ फुकट: फडकं

मला वाटतं अर्ध्याहून जास्त पट्टे इथेच सुटतात. जुन्या बनियनचं फडकं, टॉवेलचा तुकडा, किचनमधलं मायक्रोफायबर, सगळं एकाच बालदीत कपड्यांबरोबर धुतलं जातं आणि शेवटी सुगंधासाठी सॉफ्टनर पडतं. सॉफ्टनरचं कामच मुळी धाग्यावर एक गुळगुळीत थर बसवायचं, तो थर मग काचेवर उतरतो. परीक्षा सोपी आहे, एखादा आरसा अगदी नीट साफ असेल त्यावर ते फडकं कोरडंच फिरवा. धुरकट पट्टा उमटला तर दोष फडक्याचा, कितीही महाग क्लीनर आणा, तो पट्टा येणारच.

मायक्रोफायबर घ्या, पॉलिएस्टर-पॉलिअमाइडचं असतं ते, बारीक चिरलेल्या धाग्यांमुळे तेल उचलून धरतं. धुताना थोडा साबण आणि साधं पाणी, सॉफ्टनर नाही, सुती कपड्यांबरोबर नाही कारण त्यांचा लिंट (सुटे बारीक तंतू) त्यात अडकतो, आणि इस्त्री तर अजिबात नाही. निदान तीन फडकी वेगळी ठेवा: स्क्रीनचं, खिडकी-आरशाचं, आणि स्वयंपाकघराचं. वेगवेगळ्या रंगाची घ्या म्हणजे घरातलं कोणीही उचललं तरी गोंधळ होत नाही.

जुन्या नईदुनिया वर्तमानपत्राचा बोळा करून खिडकी पुसायची पद्धत आपल्याकडे घराघरात आहे आणि खिडकीच्या साध्या काचेला ती चालते, कागद लिंट सोडत नाही. पांढऱ्या फ्रेमला शाई लागते तेवढं सांभाळा. पण तोच बोळा टीव्हीला, लॅपटॉपला, चष्म्याला लावू नका, टिश्यू पेपर पण नाही. काचेला कागद काही करत नाही, स्क्रीनवरच्या मऊ थराला मात्र बारीक ओरखडे पाडतो.

तिसरी: पाणी

हे आपल्या शहरात समजून घेण्यासारखं आहे. १९७८ पासून नर्मदेचं पाणी जलूदहून इंदूरला येतंय, पण कॉलन्यांमध्ये अजून बोरिंगवर खूप काही चालतं, आणि माळव्याच्या काळ्या बेसाल्टमधून आलेल्या बोरिंगच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असू शकतं. पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक, आयएस १०५००, कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरतं आणि दुसरं पाणी नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. म्हणजे प्यायला चालणारं पाणी सुद्धा काचेवर पांढरं सोडू शकतं. पाणी उडून जातं, क्षार उडत नाहीत, १००० टीडीएसचं (म्हणजे लिटरला १००० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार असलेलं) एक लिटर पाणी वाळलं की साधारण एक ग्रॅम पांढरी पावडर मागे राहते.

घरी बघायचं असेल तर स्टीलची ताटली घासून कोरडी करा, तिच्यावर एक थेंब नळाचा, एक बोरिंगचा, एक आरओचा आणि जमल्यास एक डिस्टिल्ड वॉटरचा ठेवा, जागा लक्षात ठेवा आणि पंखा बंद करून वाळू द्या. बोरिंगच्या थेंबाची कड पांढऱ्या अंगठीसारखी उमटते, आरओची फिकट, डिस्टिल्डची जवळपास काहीच नाही. ही ताटली एकदा घरच्यांना दाखवली की पुढचं समजवावं लागत नाही.

खिडक्यांना शेवटचा हात आरओच्या पाण्याचा दिला तरी खूप फरक पडतो. स्क्रीनला डिस्टिल्ड वॉटरच वापरा, इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायला मिळतं ते, स्वस्त असतं आणि एक कॅन कितीतरी महिने पुरतो. दुकानात मात्र लेबल वाचून घ्या, तिथेच बॅटरीचं ॲसिड पण विकायला असतं आणि कॅन दिसायला सारखेच. एसीच्या पाइपातून टपकणारं पाणी काहीजण डिस्टिल्ड म्हणून साठवतात, त्यात क्षार कमी असतात हे खरं पण कॉइलवरची धूळ आणि बुरशी सगळी त्यात उतरलेली असते, स्क्रीनला नको.

चौथी: प्रमाण आणि हात

फेस आला म्हणजे सफाई झाली असं नाही, काचेवर उरलेला साबण हाच पुढचा डाग आणि त्यावर धूळ लवकर बसते, म्हणून "आत्ताच तर पुसलं होतं" असं होतं. अर्ध्या लिटर पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे एक-दोन थेंब पुष्कळ झाले. भर उन्हात तापलेली काच पुसू नका, क्लीनर पुसायच्या आधीच वाळतो, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करा. आणि दोन फडकी लागतात, एक ओलसर आणि एक कोरडं, ओलसर फिरवलं की लगेच मागून कोरडं. मोठ्या खिडकीला रबराचं वायपर वरून खाली ओढा, प्रत्येक ओढीनंतर रबर पुसा.

पाचवी, सगळ्यात महत्त्वाची: ही काच आहे का?

इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण नुकसान इथे होतं.

जुना डब्बा टीव्ही आठवा, त्याची पुढची काच खरोखरची जाड काच होती. तिच्यावर निळा स्प्रे मारा, स्पिरिट लावा, काही होत नव्हतं, आणि तीच सवय घरात राहून गेली. आत्ताच्या बहुतेक एलसीडी-एलईडी टीव्हीला समोर काच नसतेच, सगळ्यात वर पोलरायझरची (उजेड गाळणारी) प्लास्टिकची फिल्म असते आणि तिच्यावर चमक मारायची नाही म्हणून केलेलं पातळ कोटिंग. काचेच्या क्लीनरमधला अमोनिया किंवा तिखट सॉल्व्हंट ते कोटिंग हळूहळू खातं. एका वेळी काही दिसत नाही, मग एक दिवस मधोमध फिकट, ढगाळ चकत्ता दिसायला लागतो आणि घरचे त्याला डाग समजून अजून स्प्रे मारतात. तो डाग नसतो, तिथलं कोटिंग गेलेलं असतं, आणि ते परत लावता येत नाही.

दुसरा धोका याहून मोठा आहे. स्प्रे थेट स्क्रीनवर मारला की थेंब ओघळून खालच्या पट्टीत शिरतात, आणि बऱ्याच टीव्हींमध्ये पॅनलला जोडणाऱ्या बारीक फिल्मच्या पट्ट्या आणि त्यांचा बोर्ड नेमका त्या खालच्या कडेलाच असतो. ओल तिथे गेली की उभ्या रेघा येतात, कधी अर्धी स्क्रीन जाते. मी खालची पट्टी उघडतो तेव्हा वाळलेल्या ओघळाचा माग तिथे स्पष्ट दिसतो, पट्टीच्या टोकाला हिरवट गंज चढलेला असतो. नवीन पॅनलचा खर्च बऱ्याचदा नव्या टीव्हीच्या जवळ जातो, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगतो: स्प्रे कधीच स्क्रीनवर नाही, फडक्यावर, आणि फडकं पिळलं तर थेंब पडायला नको इतपतच ओलं.

मोबाइलची वरची पाटी काचेची असते पण तिच्यावर तेल न धरणारं कोटिंग असतं. पाण्याचा थेंब टाकून बघा, गोल मोत्यासारखा राहिला तर कोटिंग शाबूत, पसरला तर झिजलंय. बोटांनी ते आपोआपच झिजतं, जेल सॅनिटायझर आणि रोजचं घासणं त्याला लवकर संपवतं, शिवाय जेलमधलं ग्लिसरीन स्क्रीनवर धुरकट थर सोडतं ते वेगळंच. टेम्पर्ड ग्लास लावली असेल तर काळजी कमी, खराब झाली की बदलायची.

मग ॲक्रेलिक. देवाच्या फोटोची फ्रेम, स्कूटरच्या मीटरची टोपी, दुकानातला पारदर्शक बोर्ड, हे काचेसारखं दिसतं पण बरेचदा प्लास्टिक असतं. नखाने टिचकी मारा, काच टण्ण वाजते आणि गार लागते, प्लास्टिक टप्प असं बसकं वाजतं. त्याला स्पिरिट किंवा अमोनिया लागला की आत केसासारखे बारीक तडे उमटू शकतात. साबणाचं पातळ पाणी आणि मऊ फडकं, बस. गाडीच्या काचेवर काळी फिल्म असेल तर तिलाही अमोनियावाला क्लीनर नको.

मग घ्यायचं काय

खिडकी, आरसा, साधी काच: बाजारातलं कुठलंही निळं ग्लास क्लीनर चालेल. घरी करायचं तर एक कप आयसोप्रोपिल अल्कोहोल ७० टक्केवालं, एक कप डिस्टिल्ड किंवा आरओ पाणी, एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर, बाटलीवर नाव लिहून ठेवा. अल्कोहोल पेट घेतं, गॅस किंवा समई चालू असताना जवळपास वापरू नका. आरशाला पण फडक्यावरच घ्या, कडेने ओल मागे शिरली की मागचा चकाकणारा थर, ज्याला आपण पारा म्हणतो, तो उडतो आणि कडा काळ्या पडतात.

टीव्ही, मॉनिटर, लॅपटॉप: बंद करा, प्लग काढा, थंड होऊ द्या. कोरड्या मायक्रोफायबरने हलक्या हाताने धूळ काढा, बहुतेक वेळा इथेच काम संपतं. ठसा राहिलाच तर डिस्टिल्ड वॉटरने ओलसर फडकं. तेलकट असेल तर मोठ्या मगभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये लिक्विडचा एक थेंब, आणि नंतर साध्या डिस्टिल्डने पुसून घ्यायचं. याच्या पुढे जायच्या आधी त्या टीव्हीच्या पुस्तिकेत सफाईचं पान असतं ते वाचा, कंपनीने जे नको म्हटलंय ते नकोच. स्क्रीन क्लीनरची छोटी बाटली घ्यायचीच असेल तर अमोनिया आणि अल्कोहोल नसलेली बघून घ्या.

मोबाइल: अधूनमधून ७० टक्के आयसोप्रोपिल फडक्यावर घेऊन पुसायला ॲपलसारखी कंपनी स्वतः परवानगी देते, ब्लीच आणि हायड्रोजन पेरॉक्साइडला नाही. रोजच्याला ओलसर फडकं पुरे.

चष्मा: नळाखाली धूळ वाहू द्या, बोटावर लिक्विडचा थेंब, गार पाण्याने धुवा, मऊ फडक्याने टिपा. शर्टाचं टोक किंवा पदर नको, त्यातली धूळ कोटिंगवर ओरखडे पाडते.

सहावी, थोडी मेहनतीची: घट्ट बसलेले क्षार

बाथरूमची काच, कूलरजवळची खिडकी. इथे साबण चालत नाही कारण हा मळ नाही, चुना आहे, आणि चुन्याला आम्ल लागतं. पांढरं व्हिनेगर किंवा गरम पाण्यात विरघळवलेलं लिंबूसत, त्यात कागदी नॅपकिन भिजवून काचेवर चिकटवा, पंधरा-वीस मिनिटं ओलं राहू द्या, मग मऊ स्क्रबरने फिरवा आणि भरपूर पाण्याने धुऊन कोरडं करा. एकदा नाही निघालं तर परत करा, पण तारेची घासणी नको.

आता दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. आपल्याकडे खिडकीखाली आणि बाथरूममध्ये कोटा स्टोन असतो, कोटा म्हणजे चुनखडक, संगमरवरही तसाच, व्हिनेगरचा ओघळ त्यावर पडला की पॉलिश जाऊन कायमचा फिका पट्टा राहतो, म्हणून खाली जुना टॉवेल पाण्याने भिजवून पसरा. आणि टॉयलेटचं ॲसिड काचेवर ओतू नका, ते ॲल्युमिनियमची फ्रेम पण खातं. व्हिनेगर किंवा कुठलंही ॲसिड ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो, ब्लीचमध्ये अमोनियावालं क्लीनर मिसळलं तर क्लोरामाइन, दोन्ही छातीला घातक. दिवाळीच्या सफाईत घाईघाईत एकाच बालदीत सगळं पडतं, तेवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा. कामाला येणाऱ्या मावशींनाही सांगा, बाटली हातात देऊन मोकळं होऊ नका.

डाग परत परत येतोय तर उगम शोधा

उन्हाळ्यात कूलर बोरिंगच्या पाण्यावर चालतो, त्याचे बारीक तुषार हवेत वाळतात आणि समोरच्या टीव्हीवर पांढरी धूळ बसते. कूलरचं तोंड थोडं फिरवा, टाकीतलं पाणी वारंवार बदला. हॉलला लागून उघडं स्वयंपाकघर असेल तर फोडणीचं तेल टीव्हीपर्यंत येतं, एक्झॉस्ट फोडणीच्या आधी लावा, नंतर नाही. उदबत्ती-धूप टीव्हीच्या खालच्या टेबलावर लावत असाल तर जागा बदला, धुराचा चिकट थर वरच्या बाजूला आधी दिसतो.

आणि रंगपंचमी. गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, बघून राजवाड्यावरून आलात की मोबाइल गुलालाने भरलेला असतो, तो तसाच कोरडा घासू नका, गुलालात बारीक कच असू शकते. आधी फोन उलटा धरून झटका, मऊ ब्रशने किंवा कॅमेऱ्याच्या रबरी ब्लोअरने उडवा, मग ओलसर फडकं टेकवून उचला, शेवटी पुसा. तोंडाने फुंकलं तर थुंकीचे थेंब पडतात आणि गुलाल तिथेच भिजून चिकटतो.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

स्प्रे मारल्यावर किंवा पुसल्यावर रेघा आल्या, कोपरा काळा झाला, तर टीव्ही लगेच बंद, प्लग बाहेर. "चालू करून बघूया" करू नका, ओल असताना करंट गेला की गंज आणि शॉर्ट दोन्ही वाढतात. हेअर ड्रायर पण नको, गरम हवा ओल अजून आत ढकलते आणि फिल्म वाकवते. कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाहीतर ज्याच्याकडे पॅनल बॉन्डिंगचं (त्या बारीक पट्ट्या परत जोडायचं) मशीन आहे असा कारागीर, जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात विचारलं तर कळेल. त्याला खरं सांगा की काय मारलं होतं आणि कधी, त्यावरून तो आधी कुठे उघडायचं ते ठरवतो आणि तुमचे पैसे वाचतात.

मोबाइलची स्क्रीन एका बाजूने उचलली गेली असेल तर ती दाबून बसवू नका, आत बॅटरी फुगलेली असू शकते, चार्जिंग बंद करून दुकानात न्या. टीव्ही किंवा मॉनिटरच्या स्क्रीनवरची फिल्म सुटत असेल, बुडबुडे दिसत असतील, तर सोलायला जाऊ नका.

खिडकीच्या दुहेरी काचेच्या आत धुकं असेल तर सील गेलंय, काचवाल्याचं काम. आरशाच्या कडा काळ्या झाल्या तर पारा गेलाय, घासून येणार नाही. दोनदा आम्ल लावूनही काच धुरकट राहिली आणि नखाला गुळगुळीत लागली तर क्षारांनी काचेचा पृष्ठभागच खाल्लाय, त्याला सेरियम ऑक्साइडने मशीनवर पॉलिश करणारा लागतो, आणि खोल गेलं असेल तर काच बदलणं स्वस्त पडतं, आधी दोन्हीचे भाव विचारा.

वरच्या मजल्याची बाहेरची काच हाताला पोहोचत नसेल तर छज्ज्यावर उतरू नका, लांब दांड्याचं वायपर वापरा, त्यानेही होत नसेल तर दोर आणि बेल्ट लावून काम करणारी माणसं बोलवा.